कोसळणं आणि उतरणं

नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि पनवेलजवळच्या सुकापुरातल्या गच्च्यांना नवा उद्योग मिळाला. पूर्वी पापड-कुरडया वाळत घालायला किंवा मोबाइलची रेंज शोधायला माणसं वर जायची, आता विमानं बघायला जातात. आमच्या इमारतीतल्या एक आजी रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात. एकदा त्यांनी मला विचारलं, "काय रे, हे वरच्या वर बंद पडलं तर धोंड्यासारखं खाली यायचं ना?"

प्रश्न आजींचा असला तरी समजूत बहुतेक सगळ्यांची आहे. ती पक्की करण्यात आम्हा लिहिणाऱ्यांचाही हात आहे. मराठी बातमीत विमानाला दोनच क्रिया करता येतात: झेपावणं आणि कोसळणं. शेतात सापडलं की ते 'कोसळलं'च. मग त्यातला माणूस स्वतः दार उघडून बाहेर आलेला का असेना.

२५ जुलै २०२२ ची गोष्ट घ्या. सकाळी साडेअकराच्या सुमारास इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात एक छोटं विमान शेतात उतरलं. बारामतीहून निघालेलं सेस्ना १५२ जातीचं प्रशिक्षण विमान, आत एकटी शिकाऊ वैमानिक. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी एकट्याने जाऊन यायचं, हा शिक्षणातला ठरलेला टप्पा असतो. तो चालू असताना इंजिनाची ताकद गेली. गावकरी धावले, तिला बाहेर काढून दवाखान्यात नेलं. दुखापत किरकोळ होती. बातम्यांत विमान 'एक आसनी' झालं, कारण आत एकच माणूस होतं. सेस्ना १५२ ला आसनं दोन असतात. शेजारची खुर्ची त्या दिवशी रिकामी होती इतकंच, आणि एरवी त्या खुर्चीत शिक्षक बसतात हे लक्षात घेतलं की तो रिकामेपणा जरा जास्त जाणवतो. विमानाची मोडतोड झाली, म्हणून मथळ्यात अर्थातच 'कोसळले'.

धोंड्यासारखं पडलेल्या विमानातून कुणी किरकोळ दुखापतीवर बाहेर येत नाही. म्हणजे मधल्या काही मिनिटांत तिथे दुसरंच काहीतरी घडलं होतं.

विमानाला हवेत इंजिन धरून ठेवत नाही, पंख धरून ठेवतात. पंखावरून हवा पुरेशा वेगाने वाहत राहिली की तो हवेला खाली ढकलतो आणि हवा त्याला वर उचलते. हवा येते कुठून, पंख्याच्या जोरावर की उतारावरून घसरल्यामुळे, याची पंखाला फिकीर नसते. आमच्या गच्चीवर दुपारी घारी घिरट्या घालतात. दहा-दहा मिनिटं पंख हलत नाहीत, आणि घार 'बंद पडली' असं कुणी म्हणत नाही.

मग इंजिनाचं काम काय? हवा विमानाला सतत मागे ओढत असते. त्या ओढीपायी जे खर्च होतं ते इंजिन भरून काढतं, आणि विमान एका पातळीवर राहतं. इंजिन थांबलं की भरपाई थांबते आणि खर्च उंचीतून वळता होतो. बोरघाट उतरताना गाडी न्यूट्रलवर टाकली तरी ती धावतच राहते, तशातला प्रकार. (टाकू नये. ब्रेक तापतात. पण टाकणारे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे असतात.) विमानाला मात्र उतारासाठी घाट लागत नाही. ते नाक जरा खाली करतं आणि हवेतच आपला उतार तयार करतं.

पण नाक खाली करायला मन धजत नाही. इंजिन गप्प झालंय, जमीन खाली वाट बघतेय, आणि अंगातली प्रत्येक पेशी सांगते, दांडी मागे ओढ, नाक वर घे, जमिनीपासून लांब जा. ते ऐकलं की वेग पडतो. सेस्ना १५२ चा वेग ताशी ८०-९० किलोमीटरच्या खाली घसरला की पंखावरून गुळगुळीत वाहणारी हवा विस्कटते आणि पंख उचलायचं सोडून देतो. याला स्टॉल म्हणतात. तेव्हा मात्र विमान खरोखर कोसळतं, आणि त्यासाठी इंजिन बंद असण्याचीही गरज नसते. म्हणून शिकवणारे अगदी सुरुवातीपासून एकच गोष्ट अंगवळणी पाडतात. उडता उडता शिक्षक गुपचूप थ्रॉटल मागे ओढतात आणि शांतपणे म्हणतात, "इंजिन गेलं. आता?" हाताने त्याच क्षणी नाक खाली घेऊन ताशी सुमारे ११० किलोमीटरचा वेग धरला पाहिजे. बाकीचा विचार त्यानंतर. शंभर वेळा खोटं-खोटं गेलेलं इंजिन एखाद्या दिवशी खरंच जातं, तेव्हा हाताला त्यातला फरक कळू नये, अशी ही सगळी घोकंपट्टी असते.

शिक्षकांनी खोटं-खोटं थांबवलेलं असो की खरंच गेलेलं असो, समोरचा पंखा बहुतेक वेळा फिरतच राहतो. वाऱ्यावर, जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखा. फक्त तो आता विमानाला ओढत नाही, उलट थोडं मागे खेचतो. कानाला कळतं ते इंजिनाच्या जागी उरलेल्या वाऱ्याच्या सूं-सूं आवाजातून.

आता ११०च का? त्याहून हळू गेलं तर पंखाला हवेत जास्त तिरकं राहून तग धरावा लागतो आणि ओढ वाढते. त्याहून जोरात गेलं तर हवेचा विरोध वाढतो. मध्ये एक वेग असा असतो की उंचीच्या प्रत्येक मीटरमागे अंतर सर्वांत जास्त मिळतं. सेस्नाला त्या वेगात एका मीटर उंचीत साधारण ९ मीटर अंतर कापता येतं.

९ हा आकडा नुसता वाचून काही कळत नाही, म्हणून मी तो आमच्या गच्चीवरून मोजून पाहिला. सुकापुरातून जाणाऱ्या रस्त्याला सगळे माथेरान रोड म्हणतात, जरी तो माथेरानला पोचत नाही, डोंगराच्या पायथ्याशीच हात टेकतो. माथेरानचं पठार सुमारे ८०० मीटर उंच आणि आमच्यापासून सरळ रेषेत पंधराएक किलोमीटर. तेवढ्या उंचीवर, बरोब्बर माथेरानच्या डोक्यावर, सेस्नाचं इंजिन थांबलं तर ८०० गुणिले ९, म्हणजे सात किलोमीटर. निम्म्या वाटेवर, भातखाचरांत. प्रबळगडाला वळसा घालावा लागला तर त्याहून अलीकडे. प्रवासी जेटचं प्रमाण १७ च्या आसपास असतं. ते साडेतेरा किलोमीटर येईल आणि सुकापूर थोडक्यात हुकेल. पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर बिनइंजिनाची विमानं तारेने ओढून आकाशात सोडतात. त्या कुळातलं एखादं आधुनिक, चांगल्या जातीचं ग्लायडर ४० चं प्रमाण सहज गाठतं. ते आमच्या गच्चीवरून जाईल तेव्हा त्याच्याखाली अजून सव्वाचारशे मीटर उंची शिल्लक असेल, आणि खाली आजी म्हणतील, अगंबाई, आवाज कसा नाही.

सेस्नाचं गणित वेळेत मांडलं तर जास्त अंगावर येतं. जमिनीपासून ३,००० फुटांवर इंजिन थांबलं तर हाताशी साधारण सव्वाचार-साडेचार मिनिटं. चहा उकळायला लागतो तेवढा वेळ.

या गणितात मला सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट वजनाची वाटते. विमान भरलेलं असो की रिकामं, घसरत जाण्याचं अंतर तेच राहतं. दोन माणसं आणि भरलेल्या टाक्या असल्या तर ते ९ पटीचं अंतर थोड्या जास्त वेगात कापलं जातं, एवढाच फरक. उचल आणि ओढ यांचं गुणोत्तर पंखाच्या आकारावर आणि तो हवेत किती तिरका धरलाय यावर ठरतं. जड विमानाला जास्त उचल लागते, ती जास्त वेगातून मिळते, आणि ओढही त्याच पटीने वाढते. उताराचा कोन जागच्या जागी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पेन्सिल घेऊन बसलो होतो, कारण विश्वास बसेना.

मोठी विमानंही या नियमाबाहेर नाहीत. ३५,००० फुटांवर असलेल्या जेटची सगळी इंजिनं अहिल्यानगरच्या आकाशात थांबली तर कागदावर ते पनवेलपर्यंत पोचू शकतं. हे कागदाबाहेरही घडलेलं आहे. २४ ऑगस्ट २००१ ला एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए३३० चं इंधन गळून गेलं आणि अटलांटिक महासागरावर दोन्ही इंजिनं थांबली. ३०६ माणसं घेऊन ते विमान १९ मिनिटं नुसतं घसरत आलं आणि अझोर्स बेटांवरच्या धावपट्टीवर उतरलं. सगळे वाचले. त्याआधी, २३ जुलै १९८३ ला, एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७ तर निव्वळ हिशेबाच्या चुकीने आकाशात कोरडं पडलं: इंधन किलोत मोजायचं ते पौंडाच्या मापाने मोजलं गेलं. कॅप्टन बॉब पियर्सन हौशी ग्लायडर वैमानिक होते. गिमली नावाच्या जुन्या हवाईतळावर येताना उंची जास्त आहे असं दिसल्यावर त्यांनी ते अवाढव्य विमान मुद्दाम तिरकं घसरवलं. डावं-उजवं उलटसुलट दाबून, अंगाची आडवी बाजू वाऱ्याला देऊन. ही युक्ती छोट्या विमानांत आणि ग्लायडरमध्ये रोज वापरतात. त्या धावपट्टीवर तेव्हा मोटारींच्या शर्यतीचा दिवस होता आणि लोक सहकुटुंब आले होते. विमानाचं पुढचं चाक नीट अडकलं नव्हतं, ते मुडपलं, नाक घासत विमान थांबलं, आणि कुणाचा जीव गेला नाही.

पण मोठ्या विमानांच्या कथा सगळे सांगतात. मला छोट्यांचं कौतुक जास्त, कारण त्यांना धावपट्टी मिळत नाही. त्यांना शेत निवडावं लागतं.

वरून दिसणारं शेत आपल्या आवाक्यात आहे की नाही, हे कसं ठरवायचं? यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही, डोळा पुरतो. विमान एकसारख्या वेगाने, एकसारख्या उताराने जात असेल तर समोरच्या काचेतलं सगळं दृश्य एका बिंदूपासून चहूकडे पसरताना दिसतं. जवळची झाडं खाली सरकत नाकाखाली जातात, लांबची घरं वर चढतात. मध्ये एकच जागा असते जी काचेवर हलत नाही, नुसती मोठी होत जाते. तुम्ही पोचणार ते तिथेच. निवडलेलं शेत काचेवर वर-वर चढायला लागलं तर ते गेलं, अलीकडचं बघा. खाली सरकायला लागलं तर उंची जास्त आहे, थोडी घालवा. वोल्फगांग लांगेविशे या लेखक-वैमानिकाने १९४४ मध्ये 'स्टिक अँड रडर' या पुस्तकात हे फोड करून सांगितलं, आणि अजूनही शिकवायला याहून सोपी पद्धत नाही. एक्सप्रेसवेवर गाडीत पुढे बसून पाहा, सगळं अंगावर येतं आणि एकच ठिपका स्थिर राहतो. आपण तो आयुष्यभर बघत असतो, त्याला नाव दिलेलं नसतं.

आता शेत. एकदा हा चष्मा लागला की माणूस प्रवासात दुसरं काही बघत नाही. पनवेलच्या आसपास मी मनातल्या मनात बरंच शोधलं आणि हात टेकले. भातखाचरं वरून कशी सपाट, हिरवीगार दिसतात, पण दर वीस-तीस पावलांवर बांध. चाक बांधाला अडलं की विमान कोलांटी खाणार. पावसाळ्यात वर चिखल. खाडीकडची जमीन खाजण, तिथे माणूस गुडघ्यापर्यंत जातो. रस्ता म्हणावा तर दुभाजक, वाहनं आणि विजेच्या तारा. तारा तर वरून दिसतच नाहीत. म्हणून वैमानिकाला तारा नव्हे, खांब शोधायला शिकवतात: दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असं धरून चालायचं. नांगरट असली तर तासांच्या दिशेने उतरायचं, आडवं नाही. उभा ऊस असला तर उसाचे शेंडे हीच जमीन मानायची आणि त्यावर अलगद बसायचं. वारा कुठून आहे हे देवळाचा झेंडा सांगतो, चुलीचा किंवा वीटभट्टीचा धूर सांगतो, तळ्यावरची लाट सांगते.

आणि घाट ओलांडून कडबनवाडी बघा. वन्यजीवांचे अभ्यासक हे गाव वेगळ्याच कारणासाठी ओळखतात: चिंकारा आणि लांडग्याचं माळरान. पर्जन्यछायेतला कोरडा, उघडा मुलूख, झाडं विरळ. ज्या जमिनीला सरकारी कागदात वर्षानुवर्षं 'पडीक' म्हणून हिणवलं जातं, तिच्यासारखी जमीन डोळ्यांसमोर असणं म्हणजे गप्प इंजिनाच्या वैमानिकासाठी केवढं भाग्य. बारामतीच्या पोरांना या एका बाबतीत आम्हा कोकणपट्टीवाल्यांचा हेवा वाटण्याचं काही कारण नाही.

शेत निवडताना वाऱ्याचं एवढं का, त्याचं गणित बघा. विमान हवेत ताशी ८० किलोमीटरने उतरतंय आणि वारा ताशी २० चा आहे. वाऱ्याच्या तोंडावर उतरलं तर जमिनीला टेकताना वेग ६०. वारा पाठीशी घेतला तर १००. वेगातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे दुसऱ्या प्रकारात जिरवायची ऊर्जा पावणेतीन पट होते. त्याच शेतात, त्याच दिवशी, नुसतं तोंड फिरवल्याने.

आणि थांबायला किती जागा लागते? इथे माझा सर्वांत मोठा गैरसमज मोडला. छोट्या विमानाच्या आसनांची आणि पट्ट्यांची रचना समोरून येणारा ९ जी इतका हिसका सोसेल अशी करतात, म्हणजे शरीराच्या वजनाच्या नऊ पट. ताशी ८० च्या वेगापासून ९ जीच्या एकसारख्या हिसक्याने थांबायला अंतर लागतं तीन मीटरपेक्षाही कमी. एका खोलीची लांबी. म्हणजे शेत लहान आहे, चाकं मोडतील, पंख झाडाला धडकून तुटतील, याने माणूस मरेलच असं नाही. उलट पंख आणि चाकं मोडताना ती ऊर्जा खातात आणि मधली खुर्चीची जागा शाबूत राहते. शिकवणारे स्पष्ट सांगतात, विमानाचा लोभ धरू नका. ते वाचवायच्या नादात शेवटच्या क्षणी नाक ओढलं, वळण जास्त तिरकं घेतलं, की स्टॉल. मोडकं विमान आणि लंगडत चालणारा वैमानिक हा हिशेब नफ्याचा. टेकण्याआधी इंधन बंद, विजेची बटणं बंद, आणि दार किंचित उघडं ठेवायचं, म्हणजे चौकट वाकली तरी ते अडकणार नाही.

उड्डाण घेतल्या-घेतल्या इंजिन गेलं तर मात्र हे सगळं काही सेकंदांत उरकायचं असतं. तेव्हा मागे धावपट्टी दिसत असते, हक्काची, ओळखीची. तिच्याकडे वळायचा मोह होतो. पूर्ण माघारी फिरायला जी उंची लागते ती तेव्हा जमलेलीच नसते. तिथे नियम सरळ समोर उतरण्याचा, थोडं डावी-उजवीकडे करून.

आता, इंजिन जातं कशाने? सेस्ना १५२ चं इंजिन मुद्दाम साधं ठेवलेलं असतं. चार सिलिंडर, ११० अश्वशक्ती. प्रत्येक सिलिंडरला स्पार्क प्लग दोन, ठिणगी देणारे मॅग्नेटोही दोन, एकमेकांपासून स्वतंत्र. बॅटरी मेली तरी इंजिन चालतं. पंख डोक्यावर असल्याने इंधन टाकीतून आपोआप खाली उतरतं, पंपाची गरज नाही. विमानाचं पेट्रोल निळ्या रंगाचं असतं. सकाळी टाकीच्या तळातून थोडंसं पारदर्शक नळीत काढून बघतात, खाली पाण्याचा थेंब बसलाय का. थंड रात्रीत अर्ध्या रिकाम्या टाकीत दव धरतं, आणि तो थेंब आकाशात गाठतो.

पण मला सर्वांत आवडणारं कारण आहे बर्फ. भर उन्हाळी दमट दिवसात, ३० अंश तापमानात, चालत्या गरम इंजिनात बर्फ. इंजेक्शनआधी डॉक्टर दंडावर स्पिरिट लावतात तेव्हा गार लागतं, कारण उडून जाणारं द्रव उष्णता घेऊन जातं. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात पेट्रोल असंच उडत असतं, वर तिथे हवेचा दाबही पडतो. तापमान २० अंशांहून अधिकही घसरू शकतं. हवा कोकणासारखी ओली असेल तर तिच्यातलं पाणी तिथेच गोठतं आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. उपाय म्हणून एक खुंटी असते, ती ओढली की धुराड्याभोवतीची गरम हवा आत येते. गंमत अशी की ओढल्यावर इंजिन आधी आणखी खोकतं, कारण वितळलेलं पाणी त्यातून जात असतं. नवशिका घाबरून खुंटी परत ढकलतो. खरं तर तो खोकला बरं होण्याचा असतो.

इंजिनाच्या तक्रारीची आपल्याकडची सर्वांत छान गोष्ट मात्र १९३० ची आहे. भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने विमान नेण्यासाठी आगाखानांनी बक्षीस लावलं होतं. जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले, अ‍ॅस्पी इंजिनियर तिकडून इकडे. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली तेव्हा अ‍ॅस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून बसले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग काढून दिले. शर्यत अ‍ॅस्पी जिंकले. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. एका इंजिनाच्या पुस मॉथमधून टपाल घेऊन कराचीहून जुहूला उतरले, आणि टाटांची विमानसेवा सुरू झाली.

आजींना यातलं बरंच काही मी टप्प्याटप्प्याने सांगितलं. गिमली त्यांना फार आवडलं. जेट विमानंही उंचावरून खाली येताना बराच वेळ इंजिनं जवळजवळ निवांत सोडून घसरतच येतात, हे ऐकून त्यांनी वर बोट केलं. एक विमान चाकं बाहेर काढून विमानतळाकडे चाललं होतं.

"मग हे एवढं बोंबलतंय ते कशापायी?"

चाकं आणि फ्लॅप बाहेर काढले की हवेची ओढ एकदम वाढते, म्हणून शेवटच्या टप्प्यात इंजिनांना पुन्हा जोर लावावा लागतो, असं मी म्हणालो. घाटावर असताना ते गुपचूप येत होतं.

"म्हणजे शांततेत यायचं ते तिकडून, आणि गोंगाट आमच्या डोक्यावर," आजी म्हणाल्या आणि खुर्ची उचलून खाली गेल्या.